टिंगीची घंटी वाजेना

एक होती टिंगी. तिळाएवढी. राहायची तात्या आजोबांच्या फोनमध्ये.

बकूची आई एसटीत कंडक्टर. आठवडाभर घरी नसायची. पण तिची गाडी रोज गावच्या फाट्यावरून जायची. कधी दोनला, कधी चारला. गाडी जवळ आली की टिंगी ओरडायची, "टिंग!" मग तात्या बकूला घेऊन फाट्यावर जायचे. बकूला आई दिसायची.

तात्यांनी नवा फोन घेतला, आणि टिंगीचा आवाजच गेला. नुसती कुजबुज उरली.

तेरवा गाडी गेली. बकू घरीच.
परवा गाडी गेली. बकू घरीच.
काल गाडी गेली. बकू घरीच.

आज बकू चपला घालून उंबऱ्यात बसली. उलट्या चपला.
"तात्या, टिंग झालं?"
"नाही गं बाळा."
बकूचे ओठ थरथरले.

टिंगी निघाली. टिचुक टिचुक. घंटीकडे गेली.
"घंटी, घंटी, वाज ना!
बकू फाट्यावर जाईना."
"माझं दार बंद आहे. उघडलं तर वाजेन. नाहीतर नाही!"

टिचुक टिचुक. टिंगी दाराकडे गेली.
"दारा, दारा, उघड ना!
घंटी वाजेना,
बकू फाट्यावर जाईना."
"बटण सरकलं तर उघडेन. नाहीतर नाही!"

टिचुक टिचुक. टिंगी बटणाकडे गेली.
"बटणा, बटणा, सरक ना!
दार उघडेना,
घंटी वाजेना,
बकू फाट्यावर जाईना."
"बोट लागलं तर सरकेन. नाहीतर नाही!"

टिचुक टिचुक. टिंगी तात्यांच्या बोटाकडे गेली.
"बोटा, बोटा, हल ना!
बटण सरकेना,
दार उघडेना,
घंटी वाजेना,
बकू फाट्यावर जाईना."
"तात्या हो म्हणाले तर हलेन. नाहीतर नाही!"

टिचुक टिचुक. टिंगी तात्यांच्या कानाशी गेली.
"तात्या, तात्या, हो म्हणा ना!
बोट हलेना,
बटण सरकेना,
दार उघडेना,
घंटी वाजेना,
बकू फाट्यावर जाईना."
"छे छे! फोननं काही विचारलं की नाही म्हणायचं. चोर असतात त्यात! माझ्या लेकीनं बजावलंय. नवा फोन म्हणाला, 'घंटी वाजवू?' मी म्हटलं, 'नाही!' लेक हो म्हणाली तर हो म्हणेन. नाहीतर नाही!"

टिंगी मटकन बसली. लेक म्हणजे बकूची आई. आई तर लांब. गाडी तर निघाली असेल. तिळाएवढ्या टिंगीचं कोण ऐकणार? टिंगी रडली. मुळुमुळु. मुळुमुळु.

मग उठली. टि...चुक. टि...चुक. डोंगरावरून, तारेवरून, आईच्या फोनमध्ये गेली.

गाडी चहाला थांबली होती. आईचा चहा तसाच. गार.
"आई, आई, हो म्हण ना!
तात्या हो म्हणेनात,
बोट हलेना,
बटण सरकेना,
दार उघडेना,
घंटी वाजेना,
बकू फाट्यावर जाईना."

आईचे डोळे भरले.
"अगं बाई! तीन दिवस फाट्यावर कुणीच नाही. मला वाटलं, बकू माझ्यावर रुसली!"

आईनं लगेच तात्यांना फोन लावला. टिंगी त्याच तारेवरून टिचुक टिचुक परत आली.
"अहो तात्या, चोराला नाही म्हणायचं! टिंगीला हो म्हणा, हो!"

तात्या म्हणाले, "हो!"
बोट हललं. टुच!
बटण सरकलं. सर्र!
दार उघडलं. कर्र!
गाडी जवळ आली, घंटी वाजली, आणि टिंगी ओरडली,
"टिंऽऽऽग!"

बकू पळाली. धप धप धप. तात्या मागे. फाट्यावर धूळ उडाली. गाडी थांबली. आई खाली उतरली.

"आई, मी नव्हते रुसले!"
आईनं बकूला उचललं. एक पापा. दुसरा पापा.
पोंऽ पोंऽ! "ताई, चला! उशीर होतोय!" ड्रायव्हरकाका ओरडले.
बकू ओरडली, "थांबा हो काका! तीन दिवसांचे तीन राहिले होते. आणि एक आजचा!"

तिसरा पापा.
चौथा पापा.

गाडी गेली. बकू हात हलवत राहिली. तात्यांच्या खिशात टिंगी गाढ झोपली.