साडेचार किलोचा पुरावा

“...म्हणजे त्या कंपनीकडे आपलं नाव कुठंच नाही? नक्की ना, महाराज?”

केवलपुरी महाराज चिमट्याने धुनीतली लाकडं सारत होते. नाही म्हणाले.

“एखाद्या भक्ताने फोटो काढून इंटरनेटवर चढवला असेल.”

“असेल.”

विश्वंभर धारूरकरने मान वळवून मागे पाहिलं. त्या दुपारी मठात तिघेच भक्त होते. तिघांनीही आपापले फोन हळूच मांडीखाली सरकवले.

हा मठ अजिंठ्याच्या डोंगरात. एसटीच्या थांब्यापासून तासाभराची चढण. विश्वंभरला तीन दिवस लागले. नकाशाचं ॲप त्याने काढून टाकलं होतं, आणि वाट विचारावी तर समोरच्याच्या खिशात फोन. डोंगराला दोन प्रदक्षिणा घालून तो मागच्या अंगाने वर आला. गुराखी सांगतात, तिसरीही सुरू झाली होती. म्हशींनाच दया आली आणि त्या आडव्या उभ्या राहिल्या.

माणूस हुशार. संभाजीनगरच्या कॉलेजात संगणक शिकवायचा. आठ महिन्यांत त्याने इंटरनेटवरच्या त्या अवाढव्य कंपनीचं एकेक सोडलं. मेल सोडला, नकाशे सोडले, फोटो ठेवायची जागा सोडली, काही अडलं की तिलाच विचारायची सवय सोडली. प्रत्येक कामाला एक लहानशी, गरीब, प्रामाणिक कंपनी शोधून काढली. महिन्याभरात त्या प्रामाणिक कंपन्यांचाही त्याला संशय यायला लागला. मग दूधवाल्याचा. घरात किती दूध लागतं हे या माणसाला न विचारता कसं कळतं?

शेवटी बायकोचा आला. कुंदाचा फोन त्याने तांदळाच्या डब्यात पुरला. ती आधण ठेवत असताना डबा वाजला. कुंदाने गॅस बंद केला, डबा तसाच काखेत मारला आणि जालन्याला भावाकडे निघून गेली.

त्याला दोन महिने झाले होते. गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. केवलपुरी महाराज माझ्या माहेरचे गुरू आहेत. ते म्हणाले की तुम्ही शहाणे आहात, तर मी परत येते. नाहीतर इथेच नोकरी बघते.

म्हणून ही चढण. विश्वंभरला महाराजांकडून चार शब्द हवे होते. शक्यतो कागदावर.

त्यासाठी त्याने पुरावा आणला होता. घरात संगणक एक, त्यावर खातं एक. नवराबायको दोघं तेच वापरायचे. खातं बंद करण्याआधी विश्वंभरने कंपनीकडून आपल्या घराची सगळी नोंद मागवली आणि छापून घेतली. रद्दीवाल्याच्या काट्यावर ती साडेचार किलो भरली. त्याने ती वाचली मात्र नव्हती. वजनच पुरेसं होतं.

त्याने गठ्ठा सोडला आणि धुनीकडे नेला. म्हणाला, हे शेवटचं राहिलंय, आपल्यासमोर जाळतो.

महाराजांनी चिमटा आडवा धरला.

“वाच.”

या मठात सोडण्याची एक रीत आहे. विडी सोडा, दारू सोडा, भावकीतलं भांडण सोडा. जे सोडायचं ते आधी सगळ्यांसमोर सांगायचं, काही न गाळता, आणि मग धुनीत टाकायचं. भोकरदनच्या एका मास्तरांनी विडी सोडताना तिचं असं वर्णन केलं, की कधीच न ओढलेले दोघे मधेच उठून टपरी शोधायला गेले.

“महाराज, साडेचार किलो आहे.”

“वाच.”

तो वाचू लागला. सुरुवातीला जोर होता. अमुक तारखेला गुलमंडीवर होतो, तमुक चपलांच्या दुकानात बावीस मिनिटं. बघा, हेही ठाऊक. पान धुनीत. पैठणला गेलो, वाटेत कुठं थांबलो. बघा. पान धुनीत. मागचे तिघे आता एकमेकांपासून जरा सरकून बसले होते.

मग घरातल्या दुपारी आल्या.

“सोमवार, तीन वाजून दहा मिनिटं. टाचदुखीवर घरगुती उपाय.”

“टाच कुणाची?” महाराजांनी विचारलं.

विश्वंभरने स्वतःच्या टाचांकडे पाहिलं.

“...कुंदाची असेल.”

पान धुनीत गेलं, पण सावकाश.

“मंगळवार, अकरा. एकटीला जमतील असे घरगुती धंदे. मंगळवार, सव्वाअकरा. लग्नाचा वाढदिवस नवरा विसरला तर...”

“पुढे?”

“...तर आठवण करून द्यावी का.”

मागचा एकजण छताकडे बघू लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“रविवार, दुपारी चार,” विश्वंभरचा आवाज खाली आला. “नवरा घरात असतो पण बोलत नाही. काय करावं.”

...

“त्याखाली काय आहे?”

“तेच आहे. सहा वेळा.”

“त्या रविवारी तू कुठं होतास?”

“घरीच. पलीकडच्या खोलीत.”

“काय करत होतास?”

“फोनमधले नकाशे काढून टाकत होतो.”

हे पान धुनीत गेलं नाही. ते हातातच राहिलं. धूर त्याच्या तोंडावर येत होता, तरी तो सरकला नाही.

...

मग शिकलेला माणूस तो, पुन्हा ताठ झाला. म्हणाला की हे सगळं बाजूला ठेवा. माझी बायको मनातलं बोलली, आणि ते कुणी परक्यांनी आमच्याच घरात बसून वर्षानुवर्षं साठवलं.

“ही चोरी नाही का, महाराज?”

“चोरीच आहे.”

विश्वंभरचा हात लगेच खिशातल्या पेनाकडे गेला.

महाराजांनी उरलेला गठ्ठा सुतळीने बांधला, दोन गाठी मारल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“घरात एवढं चोरण्यासारखं होतं... मग तुला का नाही चोरावंसं वाटलं?”