कुऱ्हाडीने निवडलेला दांडा

फार जुनी गोष्ट. चैत्र शुद्ध सप्तमी. ऊन कोरडे, वारा पडलेला. मध काढणाऱ्या हरबाने कमरेला खोचण्यासाठी लहानशी बिनदांड्याची कुऱ्हाड आणली आणि तिलाच म्हणाला, "दांडा तूच निवड, बाई. संसार तुला करायचाय."

स्थळे दोन होती. एक दांडा कालच तोडलेल्या धावड्याच्या झाडाचा, गोरा नि गुळगुळीत. दुसरा वर्षभर चुलीवर धुरात टांगलेला, काळाकुट्ट.

"या कोळशाशेजारी मी शोभेन तरी का?" कुऱ्हाड म्हणाली.

"त्या गोऱ्याच्या अंगात अजून ओल आहे," काळा दांडा म्हणाला. "ती गेली की तो आकसेल."

"जळतोय मेला!"

हरबाने गोरा दांडा मुठीजोगा तासून बसवला.

वैशाखात हरबा मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढला. खाली बायको, सगुणा, टोपली धरून उभी होती. फांदीवरच्या पहिल्याच घावाला कुऱ्हाड दांडा सोडून निसटली आणि सगुणेच्या कानाजवळून जाऊन मातीत रुतली.

"अहो, फांदी वर आहे, मी नव्हे!" सगुणा ओरडली.

कुऱ्हाड मातीतूनच हळू म्हणाली, "त्या काळ्याला विचारा, अजून येतो का."

संध्याकाळी हरबाने काळा दांडा बसवला आणि गोरा चुलीवर धुरात टांगला.