निंबुर्ड्याच्या गढीला कवाड का नाही

माणदेशाच्या कडेला निंबुर्डे म्हणून गाव आहे. तिथली देशमुखांची गढी आता सगळ्यांना बघायला खुली असते. सुट्टीच्या दिवशी लांबून लांबून माणसे येतात, बुरुजावर चढतात, मधल्या चौकातली बारव वाकून बघतात. पण त्याआधी दारातच थांबावे. एवढ्या थोरल्या गढीच्या दाराला कवाडच नाही. दगडी चौकट आहे, अडसराच्या खोबणी आहेत, कवाड मात्र नाही. जुन्या कवाडांना बिजागऱ्या नसत. कवाडाच्या खालच्या टोकाला खुंटा असे आणि तो उंबऱ्यालगतच्या दगडी खळग्यात फिरे. इथले दोन्ही खळगे पांढऱ्या चुन्याने गच्च भरलेले आहेत आणि त्या चुन्यात सागवानी खुंट्यांची कापलेली टोके रुतून बसली आहेत. हात लावून बघावे. दगडाहून कठीण लागतात.

शेजारी एक पाटी आहे. ‘देशमुखांनी उदार अंतःकरणाने ही बारव गावास खुली केली,’ असे तिच्यावर लिहिले आहे. येणारे ती वाचतात, माना डोलावतात आणि फोटो काढून पुढे जातात. व्रतवैकल्ये करणाऱ्या माझ्यासारख्या बाईने रागाला येऊ नये, केलेले पुण्य जाते म्हणतात. पण ती पाटी वाचली की राग येतो, आणि तो गिळून खरे काय ते न सांगणे हे त्याहून मोठे पाप वाटते. म्हणून सांगायचे. गावातल्या जुन्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या तसेच.

फार वर्षांपूर्वी लागोपाठ तीन वर्षे पाऊस झाला नाही, असे सांगतात. ओढा आटला, गावविहिरीत चिखल उरला. तेव्हा गढीचे धनी होते भिवराव देशमुख. पाणाड्याने गढीच्या चौकातच पाणी सांगितले. बारव खणायला घेतली. गढीचे जुने कवाड मोडून पडले होते, तेव्हा गावाची ये-जा सरळ आतपर्यंत होती. पुरुष खणत, बायका डोक्यावरून मुरूम वाहून बाहेर टाकत. दगडाचे काम होते सटवा पाथरवटाकडे आणि चुन्याची घाणी सांभाळायची त्याची बायको ठकू. चुन्यात गुळाचे पाणी किती, भिजवून वाटलेले उडीद किती, हे तिच्या हाताला ठाऊक होते. तिने मळलेला चुना पाण्याखालीही सुटत नाही, असे लोक म्हणत.

पाणी लागावे म्हणून दोघींनी सोळा सोमवारांचे व्रत धरले होते. एक भिवराव देशमुखांच्या पत्नी गोदूबाई वहिनीसाहेब आणि दुसरी ही ठकू. एकीचा उपास केळी-दुधावर, दुसरीचा नुसत्या पाण्यावर, आणि तेही मिळेल तेव्हा.

ठकूचा चौदावा सोमवार झाला आणि बारवेची एक बाजू ढासळली. सटवा खाली होता. त्याला वर काढले तेव्हा जीव नव्हता. काठावर सगळा गाव जमला. भिवराव देशमुखांनी सटवाच्या अंगावर आपला शेला घातला आणि सर्वांदेखत म्हणाले, “पाणी लागलं तर ते गावाचं. पहिली घागर सटवाच्या बायकोची. हे दार कुणाला बंद व्हायचं नाही.”

अकराव्या दिवशी पाणी लागले. सटवा ज्या जागी गेला तिथूनच झरा फुटला म्हणे.

आता पुढचे ऐका. पाण्याला गोडी होती, आणि गोडीला धनी लगेच मिळतो. पहिली घागर ठकूला मिळाली नाही. “नुकतीच रांड झालेली बाई, पहिल्या पाण्याला तिचा हात कशाला?” असे कुणीतरी म्हणाले आणि बाकीचे गप्प बसले. जे गप्प बसले त्यांचाही राग येतो. मग गढीत बोलले जाऊ लागले की पाणी वहिनीसाहेबांच्या व्रताने लागले. सटवाचे नाव मागे पडले. मग देशमुखांनी त्याच पाण्यावर मळ्यात डाळिंबे लावली. आणि मग सुतार बोलावून सागवानाचे नवे दोन फळ्यांचे कवाड करून घेतले. ते बसवून झाले, तेव्हा त्यांनी सांगितले की श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी वहिनीसाहेबांचे उद्यापन आहे, सोळा सवाष्णी जेवून बाहेर पडल्या की कवाड लागेल. नंतर गावाने आपली सोय बघावी.

त्या सोमवारी दुपारी सवाष्णी नटून गढीकडे निघाल्या. त्यांच्या मागे ठकूही गेली. हातात घागर नव्हती. डोक्यावर घमेले होते, वर ओले फडके झाकलेले. गोदूबाई दारातच उभ्या होत्या. मनाने वाईट नव्हत्या म्हणतात, पण सोळा सोमवारांचे पुण्य सांडेल की काय ही भीती त्यांना होती.

“ठकू, आज नको गं,” त्या म्हणाल्या. “शुभकार्य आहे. तू देवडीतच बस. उरलंसुरलं पाठवते तुला.”

“मी जेवायला नाही आले, वहिनीसाहेब,” ठकू म्हणाली.

“मग बस तिथं. आत तेवढी येऊ नको.”

आणि पाथरवटाच्या बायकोला त्यांनी बसवले कुठे, तर दारालगतच्या देवडीत, उघड्या कवाडाच्या खुंट्याशेजारी!

आत पंगत बसली. ठकूने फडके काढले. घमेल्यात चुना होता, रात्रंदिवस मळून लोण्यासारखा केलेला. देवडीवर हैबती नावाचा म्हातारा पहारेकरी होता. तो जवळ आला.

“काय गं ठके, दाराला पुरण भरवतीस काय?”

“माझंबी उद्यापन हाय आज, हैबतीमामा,” ठकू म्हणाली. “चौदा केले मालक असताना, दोन केले एकटीनं. उद्यापनाचा गूळ आणून ठेवला होता, उडीद ठेवले होते. माझ्या घरी कोण जेवाय येणार? म्हणून ह्या दगडाला जेवू घालते.”

हैबतीला वाटले, दुःखाने पोरीचे डोके फिरले. “घाल बाई, घाल,” म्हणाला आणि डोळे पुसत पलीकडे जाऊन बसला.

ठकूने दोन्ही खळगे भरले. बोटांनी चुना खुंट्याभोवती ठासला. ती रडत नव्हती म्हणतात. ओठ घट्ट मिटले होते, आणि मधेच ती बारवेजवळच्या महादेवाच्या पिंडीकडे बघून बोलत होती. “तुला बेल वाहिला, तुझ्यापायी उपाशी राहिले. माणूस नेलास, तरी काही बोलले नाही. पण पाणी कोंडशील तर तुझं तोंड बघायची नाही. आज बोल, नाहीतर कधी बोलू नको.”

देवाशी असे बोलू नये, असे आपल्याला शिकवतात. पण मला वाटते, त्या दिवशी सगळ्या गावात खरी पूजा तिचीच झाली.

पंगत उठली. सवाष्णींच्या ओट्या भरल्या गेल्या, खण, नारळ, तांदूळ. त्या देवडीत आल्या. सगळ्यांत पुढे कोंडाबाई तेलीण. तिचे तोंड गावभर ठाऊक. ठकूचे कोपरापर्यंत पांढरे हात बघून ती म्हणाली, “अगं, आम्ही तिकडं लाडू मोडतोय आणि तू इथं गिलावा करतीस?”

“कवाड लावा!” मागून भिवरावांचा आवाज आला.

हैबतीने कवाड ओढले. हलले नाही. दोन गडी आले, चार आले. शेवटी बैल लावले. दोर तुटला, कवाड जागचे सरकले नाही. ज्या चुन्याला वाळायला पंधरवडा लागतो तो पंगत बसून उठेपर्यंत दगड झाला होता.

भिवराव पुढे आले. खळगे बघितले, ठकूचे हात बघितले. “हिला फरफटत शिवेबाहेर टाका,” ते म्हणाले. “आणि दार उद्या तोडून नवं बसवा.”

दोन गडी पुढे झाले. तेव्हा कोंडाबाई आडवी आली.

“थांबा. सरकार, एक विचारते. सटवावर शेला घालून काय बोलला होता तुम्ही? मी तिथंच होते. मुरमाची पाटी होती माझ्या डोक्यावर.”

“बायकांनी मधे बोलू नये.”

“बायकांनी मुरूम व्हावा, बोलू नये! बरं, नाही बोलत.” असे म्हणून तिने पदर सोडला आणि ओटीतले तांदूळ, नारळ, खण सगळे उंबऱ्यावर ओतले. “वहिनीसाहेब, जेवण गोड झालं. पण ही ओटी मला पचायची नाही. घ्या परत.”

दुसरीने ओतली. तिसरीने ओतली. एकेक करून सोळाही जणींनी ओट्या उंबऱ्यावर रित्या केल्या. तांदळाचा ढीग झाला. उद्यापनाची ओटी उलटी आली, म्हणजे सोळा सोमवार फुकट गेले! गोदूबाई तो ढीग बघत राहिल्या. मग त्या वळल्या, आत गेल्या, आणि स्वतःच्या हातांनी ताट वाढून घेऊन आल्या. नवऱ्याला मागे टाकून पुढे आल्या. ठकूसमोर पाट मांडला, ताट ठेवले आणि म्हणाल्या, “मी चुकले. तू जेवलीस तरच माझं व्रत पुरं होईल.”

ठकू उठली. पाट ओलांडला. ताटाकडे तिने बघितलेसुद्धा नाही.

“तुमचं व्रत तुम्ही बघा,” ती म्हणाली. “मला घागर द्या.”

देशमुखांच्या धनिणीने तिला घागर आणून दिली. ठकू चुन्याचे हात घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरली. सटवा जिथे गेला तिथे उभी राहिली, घागर भरली आणि भरल्या घागरीने सगळ्या गढीमधून चालत बाहेर आली. तिला अडवायला कुणाचा हात उठला नाही. तिच्या मागून गाव आत शिरला.

भिवरावांनी नंतर तीनदा सुतार आणि दोनदा पाथरवट आणवले म्हणे. छिन्न्या वाकल्या, चुना निघाला नाही. शेवटी कवाड खुंट्यापासून कापून काढावे लागले. नवे बसवायला खळगेच उरले नव्हते, मग त्यांनी तो नाद सोडला. उदार अंतःकरण ते हे!

ठकूने गोदूबाईंना माफ केले का, असे येणारे विचारतात. तसे कुठेच सांगत नाहीत. जन्मभर ती त्या बारवेचे पाणी प्यायली आणि गढीत एकदाही जेवली नाही. गोदूबाईंनी मात्र पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून सोळा धरले. त्यांना काय कळले ते त्यांच्या दुसऱ्या उद्यापनात गावाने पाहिले.

तीच रीत आजही चालते. निंबुर्ड्यात कुणाच्याही घरी कसलेही उद्यापन असो, आधी गावातल्या एखाद्या विधवेला बोलावणे जाते. जेवायला नव्हे, पाण्याला. ती बारवेवर जाते, आपल्या सवडीने घागर भरते, वाटेत कुणाशी बोलायचे असेल तर बोलत येते. ती येईपर्यंत यजमानीण दारात उभी असते. ऊन असो, पाय दुखोत, बसायचे नाही. पाने मांडायची नाहीत, नैवेद्य दाखवायचा नाही. गेल्या श्रावणात एका नव्या सुनेने विचारले, “अजून किती वेळ थांबायचं, आत्याबाई? देव उपाशी आहेत.”

सासू म्हणाली, “असू देत. का ते त्यांनाही ठाऊक आहे.”