लक्षराव आणि तांबट

फार वर्षांपूर्वी एका वेधशाळेत ग्रहणाचं गणित करणारं पितळी यंत्र होतं. त्यात एककाचं चाक दिवसभर गरगर फिरे. त्याच्या दहा हजार फेऱ्या झाल्या, की टोकाचं लक्षाचं चाक कसंबसं एक घर सरके.

"थोरामोठ्यांना धावपळ शोभत नाही," लक्षराव म्हणत. "तू धाव रे, पोरा."

एक दिवस एकक वैतागून अडून बसला. यंत्राची मूठ हलेना. ग्रहण तर चार दिवसांवर आलेलं! वेधशाळेच्या धुंडिराजशास्त्र्यांनी घाईघाईने भिवाजी तांबटाला बोलावलं.

भिवाजीने यंत्र उघडलं आणि एकेक चाक निरखलं. "शास्त्रीबुवा, बाकीच्यांचे दाते झिजलेत. हे टोकाचं मात्र नवंकोरं आहे. म्हणजे हेच फिरत नाही. काढतो आणि वितळवून पळी करतो."

लक्षरावांना घाम फुटला. "एकका, फिर रे!"

"एकका?"

"एककदादा! अहो एककदादा, फिरा!"

एकक खुशीत फिरला आणि मूठ सरसर चालू लागली. शास्त्रीबुवा थक्क झाले.

"आमचा अनुभव आहे," भिवाजी मिशीवर हात फिरवत म्हणाला, "यंत्राला नुसता दम द्यावा लागतो."