जमादाराच्या जिभेवरचा शब्द

“...पण हुकूम सरकारांचा होता, बाबा. मग पाप कुणाला? देणाऱ्याला, की पाळणाऱ्याला?”

हुसेनशा फकीर चिंचेखाली वाकळ शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

विचारणारा होता गुणाजी जमादार. संस्थानच्या चाकरीत एकतीस वर्षं काढलेला. डोक्याला जरीकाठी फेटा, पाठ ताठ.

“काय होता हुकूम?”

“सरकारांच्या शिकारीचा तळ ओढ्याकाठी पडायचा होता. तिथं पारध्यांची पालं होती. ती उठवायची होती.”

“उठवलीस?”

“तासाभरात. पौषातली थंडी होती. एका पालात म्हातारा तापानं फणफणला होता. त्याची लेक हात जोडून म्हणत होती, ताप उतरेपर्यंत तेवढं राहू द्या... मी पाल उपटलं. म्हातारा गेला, असं मागाहून कळलं.”

“मग?”

“तीन वर्षं झाली. अन्न गोड लागत नाही.”

फकिरानं दोरा दातानं तोडला.

“तेव्हा ‘नाही’ का म्हणाला नाहीस?”

“हुकमाला मी कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही, बाबा. तो शब्दच माझ्या जिभेवर नाही.”

सांगताना त्याचा आवाज जरा चढला. अभिमान अजून शाबूत होता.

“बरं. मग माझा एक हुकूम पाळशील?”

“जीव मागा.”

थोड्या अंतरावर तीन दगडांच्या चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती. फकिरानं हातातली सुई तिच्याकडे केली.

“ती सोनकी. तिच्या पायांवर डोकं ठेव.”

जमादारानं तिच्याकडे पाहिलं. मग फकिराकडे.

“बाई आहे ती.”

“आहे.”

“पारधीण दिसते.”

“आहे.”

“नाही, बाबा. हे सोडून काहीही सांगा.”

...

फकीर सुई वाकळीत खोचून थांबला. नुसता बघत राहिला.

जमादाराला स्वतःचाच शब्द ऐकू आला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“होता की रे जिभेवर,” फकीर हलकेच म्हणाला.

जमादार वळला. मग चुलीपाशी गेला, फेटा उतरवून खाली ठेवला आणि वाकला.

सोनकीनं पाय मागं घेतले.

“तुमी मला वळखलं न्हाई. मी तुमाला आल्या आल्या वळखलं. त्यो म्हातारा माझा बा व्हता.”

जमादाराचं कपाळ मातीला टेकलं ते टेकलंच. त्या दिवशी त्यानं कुणाचं तोंड पाहिलंच नव्हतं. त्याचे खांदे हलू लागले.

फकीर उठून जवळ आला. बाप गेल्यावर सोनकीला आसरा यानंच दिला होता. त्याचा शब्द तिनं आजवर खाली पडू दिला नव्हता.

“पोरी, माफ कर याला. माझा हुकूम आहे.”

तव्यावरची भाकरी करपू लागली. सोनकीनं ती उलटली नाही. पायाशी पडलेल्या माणसाकडे तिनं पाहिलं, मग फकिराकडे.

“न्हाई, बाबा... तुमच्या अन्नावर जगले. जा म्हनाल तर जाते. पर ह्ये मागू नका.”

...

फकिराचे डोळे भरून आले. खुद्द राजा भेटीला आला तेव्हा हा फकीर जागचा उठला नव्हता. तो सोनकीपुढं गुडघ्यांवर बसला. तिच्या पायांजवळची माती त्यानं बोटांनी उचलली आणि कपाळाला लावली.

जमादारानं मान वर केली.

शेजारी वाकलेला फकीर त्याच्या कानाशी पुटपुटला,

“ऐकून ठेव, जमादार. तो शब्द असा म्हणतात.”