चिमीची मऊ जागा

एक होती जुई. जुईच्या पोटात, मऊ मऊ भिंतीवर, राहायची चिमी. चिमी म्हणजे जंतू. पण गुणी. इतकी इवली, की डोळ्यांना दिसायचीच नाही.

एका दुपारी काय झाले? नखुले आले. तेही जंतू, पण दांडगे. अंगभर नख्याच नख्या. नख्यांनी त्यांनी भिंत धरली, करकच्च. चिमीला दिले ढकलून. जुईचे पोट लागले दुखू.

चिमी म्हणाली,
"नखुले नखुले, उठा.
चिमीला निजायला जागा मिळेना."
नखुले म्हणाले, "टोच्या आला, तर उठू."

डुलुक डुलुक चिमी पोटातच जराशी वर गेली. तिथे राहायचा टोच्या. टोच्या होता विषाणू. चिमीहूनही लहान. पाय मात्र लांब लांब.
"टोच्या टोच्या, चल.
नखुले उठेनात,
चिमीला निजायला जागा मिळेना."
टोच्या म्हणाला, "पाय आहेत, पण चालता येत नाही. पाणी आले, तर वाहत येईन."

डुलुक डुलुक चिमी आणखी वर गेली, थेट तोंडापाशी. ओठांच्या फटीतून पाहिले. बाहेर पेला. पेल्यात पाणी.
"पाणी पाणी, ये.
टोच्या येईना,
नखुले उठेनात,
चिमीला निजायला जागा मिळेना."
पाणी म्हणाले, "ओठ उघडले, तर येईन."

"ओठ ओठ, उघडा.
पाणी येईना,
टोच्या येईना,
नखुले उठेनात,
चिमीला निजायला जागा मिळेना."
ओठ म्हणाले, "जुई हो म्हणाली, तर उघडू."

जुई पेंगत होती. चिमी हळूच तिच्या स्वप्नात शिरली.
"जुई जुई, हो म्हण.
ओठ उघडेनात,
पाणी येईना,
टोच्या येईना,
नखुले उठेनात,
चिमीला निजायला जागा मिळेना."
जुई पुटपुटली, "आई, पोटावर हात फिरव. मग पाणी पिईन."

"फिरवते हं, राणी," आई म्हणाली.

आईने हात फिरवला.
जुई हो म्हणाली.
ओठ उघडले.
पाणी आले, घुटुक घुटुक.
टोच्या वाहत आला, तरंग तरंग.

टोच्याने धरली नखुल्याची नखी. नखी धरली, तरच त्याला टोचता येते. टुच्च. नखुला फुटला, फुस्स. आत एका टोच्याचे झाले होते पुष्कळ टोचे, ते निघाले बाहेर. टुच्च टुच्च. फुस्स फुस्स.

उरले नखुल्यांचे एकच पिल्लू. ते जन्मलेच बिननख्यांचे. टोच्यांना ते धरता येईना. पण पिल्लालाही भिंत धरता येईना. घसरले, घरंगळले.

चिमीला जागा मिळाली. जुईचे पोट दुखायचे थांबले.

पिल्लू म्हणाले, "चिमीताई, मी कुठे निजू?"
चिमी जराशी सरकली. "ये, इथे नीज. मला बोचायला तुला नख्या कुठे आहेत?"

चिमी निजली. पिल्लू निजले. टोचे तरंगत राहिले, संथ संथ.

इवल्या पोटाची इवली गोष्ट,
सांगता सांगता निजली.