गच्ची कुणाची?

खोली विकली आहे, गच्ची विकलेली नाही, असं झुंबरशेठ म्हणाला तेव्हा आवडाबाई लुगड्यांचं गाठोडं काखेत धरून त्याच गच्चीच्या दारात उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. बाहेरचा पाय तिनं मुकाट्यानं आत घेतला.

चारच दिवसांपूर्वी या शेठनं बेलनगरच्या भर पेठेत दवंडी पिटवली होती, की चौथ्या मजल्यावर एकच खोली आहे, पण पुढं तिची स्वतःची मोकळी गच्ची, जिथं दुसऱ्या कुणाचं जाणं-येणं नाही. आवडाबाई गोधड्या शिवून पोट भरणारी. गोधडी म्हणजे काही रुमाल नव्हे. जुन्या लुगड्यांचे थर सपाट अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेनं टाके घालत घालत मधोमध यायचं. खोलीत गोधडी अंथरली तर बाईनं बसायचं कुठं? म्हणून तर तिनं सासूची पुतळ्यांची माळ देऊन ही जागा घेतली. कागदावर मात्र शेठनं 'चौथ्या मजल्यावरची खोली' एवढंच लिहिलं. बाईला अक्षर येत नव्हतं आणि शेठला ते ठाऊक होतं.

"गच्ची बघायला आहे ना," शेठ म्हणाला. "दार उघडा आणि बघत बसा. पाय ठेवायचा तर अशीच आणखी एक माळ आणा."

दुसरी माळ होती कुठं? आवडाबाई उठली ती थेट महाराजांकडं गेली.

बेलनगरचे महाराज माणूस भले, पण हट्टी. एकदा बोलले की आपला शब्द त्यांना स्वतःलाही मागं घेता येत नसे. त्यांनी कागद वाचवून घेतला आणि सांगून टाकलं की गच्ची शेठची. मग बाईचं तोंड बघून जरा विरघळले, पण तेही आपल्या रीतीनंच.

"आठ दिवस देतो," ते म्हणाले. "शेठनं माझ्यासमोर, आपल्या तोंडानं गच्ची तुझी म्हटली तर तुझी. तोवर तिथं पाऊल टाकायचं नाही. शेठची विनवणी नाही, भांडण नाही, आणि कुणाला अडवायचंही नाही."

दरबारात खसखस पिकली. पाहुण्याला पाणी देताना जो तांब्या अर्धाच भरतो, तो शेठ आपल्या तोंडानं गच्ची देणार म्हणे!

आवडाबाईनं एवढंच विचारलं, "कुणी पुसलं गच्ची कुणाची, तर शेठची म्हणून सांगू ना, महाराज?"

"सांग की. आहे ते सांगायला कसली बंदी?"

"बरं," म्हणाली आणि घरी आली.

दिवस वैशाखाचे, घरोघरी वाळवणाचे. त्या पेठेत घराला घर चिकटलेलं, बोळात ऊन उतरायचं नाही. म्हणून बेलनगरात जुनी रीत होती, की ज्याला गच्ची आहे त्यानं वाळवणाला नाही म्हणायचं नाही. आणि दुसरीही रीत होती. गच्ची ज्याची, काठीही त्याची. कावळे त्यानं हाकायचे, आणि वाळवण गेलं तर घरचं भरून द्यायचं. बाया निर्धास्त मनानं पदार्थ पसरून जायच्या.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई कुरडयांचं घमेलं घेऊन वर आली. गच्ची शेठची आहे, असं आवडाबाईनं सांगितल्यावर ती शेठकडं गेली. शेठ नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच घरातून शेठाणी पापडांची परात घेऊन बाहेर आली.

"अहो, त्यात विचारायचं काय? चल गं, आपण दोघी मिळून घालू."

शेठनं मान डोलावली. राखायला ती खोलीतली बाई आहेच, असं त्यानं मनाशी धरलं.

दुपारपर्यंत गच्ची भरून गेली. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, काही ठेवायचं राहिलं नाही. मग कावळे आले. आवडाबाई उंबऱ्याच्या आत बसून सुईत दोरा ओवत होती. एका कावळ्यानं कुरडई उचलली आणि तिच्याकडं बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं.

"खा बाबा," ती म्हणाली. "मालक मोठ्या मनाचा आहे."

संध्याकाळी बाया आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. काठी घेऊन बसायला हिला काय झालं होतं, म्हणून त्या तिच्यावर तुटून पडल्या. आवडाबाई शांतपणे म्हणाली की महाराजांचा हुकूम आहे, गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. मग मालकाची काठी मी कशी उचलू?

बाया शेठकडं गेल्या. शेठनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळा घोळका दरबारात, आणि पुढं रिकामी परात घेऊन कोण, तर शेठाणी!

महाराजांनी शेठला बोलावलं. "गच्ची तुमचीच ना?"

"होय महाराज. कागदच आहे तसा."

"मग झालं तर. ज्याचं जे गेलं ते भरून द्या. आणि उद्यापासून वैशाख सरेपर्यंत काठी घेऊन गच्चीवर बसा. चाकर चालायचा नाही, मालकच पाहिजे."

शेठनं आपल्या टकलावरून हात फिरवला. वैशाखातलं दुपारचं ऊन त्याला तिथं आत्ताच लागायला लागलं. आशेनं त्यानं शेठाणीकडं बघितलं, तर तिनं परात वाजवली.

"महाराज," शेठ पडेल आवाजात म्हणाला, "गच्ची आवडाबाईची आहे. मी दवंडीतच सांगितलं होतं."

महाराज मिशीत हसले आणि आवडाबाईकडं वळले. "म्हणजे आता भरपाई तू देणार?"

"गच्ची आजपासून माझी, महाराज," आवडाबाई म्हणाली. "कालचे कावळे शेठचे."

महाराज असे हसले की पगडी सावरायला दोन माणसं धावली. "आणि उद्याचे कावळे?"

"उद्यापासून मी तिथंच गोधडी शिवत बसणार. एक काठी शेजारी ठेवली की झालं."

महाराजांनी तिथल्या तिथं नवा कागद करवला, तो मोठ्यानं दोनदा वाचवून घेतला, आणि राणीसाहेबांच्या जुन्या शालूंचं गाठोडं देऊन तिला पहिली गोधडी आपल्यासाठी शिवायला सांगितली.

त्यानंतर आठ दिवस झुंबरशेठ घरी शेठाणीच्या हाताखाली बसून पेठेचे पापड लाटत होता. परात घेऊन चार मजले चढायचा आणि दारात थांबून विचारायचा, "येऊ का?"

आवडाबाई दोरा ओढत म्हणायची, "या की, शेठ. तेवढे पाय पुसून या."